बाकीचं तळं

“बुडणारे दोनच,” सर खालून ओरडले. “पण कधी बुडतील ते सांगणार नाही. तू बघायचं, शिट्टी मारायची आणि झेंड्याने जागा दाखवायची. शिट्टीशिवाय एकही होडी हलणार नाही.”

मचाणावरच्या जीवरक्षकाने मान हलवली. उद्या तळ्यातली पोहण्याची शर्यत, आज बचावाची रंगीत तालीम. तीसेक जण पाण्यात उतरत होते, सगळ्यांच्या डोक्यावर नारिंगी टोप्या. त्यातल्या दोघांनी बुडायचं सोंग करायचं होतं. एक बेकरीवाला. “मी बुडणार कसला! हे पोटच मला वर काढून ठेवेल,” म्हणत पोटावर थाप मारून तो पाण्यात शिरला, तेव्हा काठावर हशा पिकला. दुसऱ्या ताई. त्या उतरल्या तेव्हा कुणी हसलं नाही.

गेल्या वर्षीच्या शर्यतीत त्यांचा धाकटा भाऊ बुडून गेला होता. वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या पिवळ्या बोयापाशी, आजूबाजूला माणसं पोहत असताना. मचाणावर तेव्हाही हाच होता. त्याआधी अख्खं गाव त्याला घार म्हणायचं. तळ्यावरचं पान हललं तरी याला दिसतं, असं कौतुक. त्यानंतर ते नाव कुणी काढलं नाही. चौकशीत त्याची चूक निघाली नाही, कुणी त्याच्यावर खापरही फोडलं नाही. ताईंनी फक्त त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं बिचाऱ्याला! पण नाही. समोरून आल्या तरी मान खाली घालून निघून जायच्या.

“अगं, तू कशाला? दुसरं कुणी करेल,” सर त्यांना म्हणाले होते.

“मला करू द्या,” एवढंच त्या म्हणाल्या. मग सरांनी त्यांना काठाजवळची उथळ जागा दिली आणि बेकरीवाल्याला लाल बोयापाशी पाठवलं. हात वर करायचा आणि ओरडायचं, इतकं सोपं काम.

जीवरक्षक डोळ्यांत तेल घालून बघत होता. पिवळ्या बोयापाशी एक टोपी थांबली. बाकीच्या पुढे सरकत होत्या, ही सरकेना. हात वर नाही, आवाज नाही. तोंड आभाळाकडे, पाणी ओठांशी. टोपी एकदा खाली गेली, वर आली, पुन्हा गेली. शिट्टी अशी काही वाजली, की होडीवाल्याच्या हातातलं वल्हं निसटायचंच बाकी राहिलं. झेंडा पिवळ्याकडे, होडी सुसाट. होडीवाल्याने दंडाला धरून वर ओढलं, तर त्या ताई होत्या.

काठावर टाळ्या पडल्या. “शाब्बास रे घार!” सर ओरडले. वर्षभराने ते नाव कानावर पडलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो शिडी उतरून खाली आला. ताई टॉवेल लपेटून उभ्या होत्या, दातावर दात वाजत होते. सर वैतागले होते.

“तुला काठाजवळ सांगितलं होतं ना? आणि हात का नाही वर केलास?”

“त्याने तरी कुठे केला होता?” ताई म्हणाल्या. मग त्या वळल्या आणि वर्षात पहिल्यांदा त्यांनी जीवरक्षकाकडे सरळ पाहिलं. “मी हाक नाही मारली. तरी तुला दिसले?”

“दिसलात.”

“एवढ्या टोप्यांतून?”

“हो.”

“मग माझा भाऊ का नाही रे दिसला?” ताईंनी विचारलं. “मी मनाची समजूत घातली होती. म्हटलं, ते दिसण्यासारखं नसेलच. कुणालाच दिसलं नसतं. तेवढ्यावर वर्ष काढलं मी. आज तेच बघायला गेले होते, आणि तू...”

तेवढ्यात पाण्यातून बेकरीवाला धापा टाकत वर आला.

“काय रे लेकांनो! लाल बोयापाशी घसा फुटेस्तोवर ओरडतोय मी! हात हलवून हलवून खांदे निखळायची वेळ आली. मचाणावरून कुणी ढुंकून पाहील तर शपथ! बुडणाऱ्यानेच पोहत यायचं का शेवटी?”

“मला वाटलं, शिट्टी नाही म्हणजे तुझी नेहमीची थट्टा चाललीय,” दुसरा होडीवाला खजील होऊन म्हणाला.

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. लाल बोया मचाणाच्या अगदी समोर होता. सरांनी आधी तिकडे पाहिलं, मग जीवरक्षकाकडे.

“तुला खरंच ऐकू आलं नाही?”

“नाही.” त्याने गळ्यातली शिट्टी काढून सरांच्या हातात ठेवली. “उद्या मला वर बसवू नका, सर.” मग तो ताईंकडे वळला. “तेव्हा मी सगळं तळं बघत होतो, ताई. आता मला पिवळ्या बोयाजवळची तेवढीच जागा दिसते.”

बेकरीवाल्याचा चेहरा उतरला. सर शिट्टीची दोरी बोटांना गुंडाळत राहिले.

“अरे, मग उद्या वर कोण?” ते म्हणाले. “पिवळ्या बोयापाशी तरी तुझ्यासारखी नजर...”

ताईंनी डोळे पुसले. दोन पावलं चालून त्या जीवरक्षकाच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“तिथे आम्ही दोघं आहोतच, सर,” त्या म्हणाल्या. “बाकीचं तळं दुसऱ्या कुणाला तरी द्या.”