गढीचा खापरी नळ

१९३८ चा हिवाळा होता. पितांबर गुरुजी चौथीचा इतिहासाचा तास तीन आठवडे गावाबाहेरच्या गढीतच घेत होते. वरच्या हौदापासून खाली घोड्यांच्या कुंडीपर्यंत जाणारा जुना खापरी नळ मुलांनी माती उकरून मोकळा केला. मधला एक तुकडा फुटलेला निघाला. कुंभाराच्या मुलीने, भिकूने, दोरीने त्याचं माप घेतलं, बापाशेजारी बसून तसाच नवा घडवला, भट्टीत भाजला आणि सांधे चिखलाने लिंपून बसवला. नळात पाणी सोडून पाहायचं होतं, त्याच दिवशी नंदुरबारहून शाळा तपासायला डेप्युटी आले. "परीक्षेत हे कोणी विचारणार नाही, मास्तर," ते म्हणाले. "पाणी आलं नाही, तर उद्यापासून पोरं वर्गात बसतील." गुरुजींनी हात वर केला. वर थांबलेल्या पोरांनी हौदात घागरींमागून घागरी ओतल्या. खाली भिकू नळाला कान लावून बसली. काहीच ऐकू येईना. आपलाच सांधा गळतोय, असं तिला वाटलं. मग आत गुरगुर झाली, एक सरडा बाहेर पळाला आणि त्याच्यामागून गढूळ पाण्याची धार कुंडीत पडली. "पानी उनं, गुरुजी, पानी उनं," म्हणत पोरं नाचू लागली. डेप्युटी नळाच्या कडेकडेने वर गेले आणि तसेच खाली आले. "यातला नवा तुकडा कोणता?" त्यांनी विचारलं. "तुम्हीच वळखी दखाडा, साहेब," भिकू म्हणाली. डेप्युटींनी धोतराचा सोगा खोचला आणि ते पुन्हा चढू लागले.