ताटातला मासा

बंगालमधल्या कृष्णनगरच्या त्या घरी मी स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी गेले, तेव्हा ताटं वाढली होती. "सासूबाईंना काय विचारता? मलाच विचारा," सून म्हणाली. तेवढ्यात म्हातारीनं हसत रोहूचा तुकडा स्वतःच्या ताटात ओढला. सुनेनं तो काढून घेतला. "मासा नाही खायचा! बाबांना जाऊन वर्षं झाली!" "हे गेले? कधी गं?" म्हातारी ऊर बडवून रडू लागली. "विधवेनं मासा खाल्ला तर गल्लीत तोंड कसं दाखवू? म्हणून रोज सांगावं लागतं," म्हणत सून भात आणायला उठली. थोड्या वेळानं म्हातारी शांत झाली; गाल मात्र ओलेच होते. मी रेकॉर्डर जवळ सरकवला. "मावशी, का रडलात?" "आठवत नाही गं." माझा हात घट्ट धरून ती कुजबुजली, "या घरात रोज जेवायच्या वेळी कोणीतरी मरतं. तू इथं जेवू नकोस, पोरी."