संशयित अनंतराव काहीच करत नाही

आप्पासाहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"रामकिसन, ह्या माणसाला पाहिजे तरी काय?"

पोलीस ॲक्शनला दोन वर्षं झाली होती. निझामाचं राज्य गेलं होतं, पण आप्पासाहेब चौकीचे अमीन, म्हणजे फौजदार, होते आणि अमिनाचं पोट संशयावरच भरतं. हैदराबादेत कुणाच्या तरी खिशात एक चिठ्ठी सापडली होती. तिच्यावर 'अनंतराव, औरंगाबाद' एवढंच लिहिलेलं. शहरात अनंतराव सहा निघाले. चौकशीच्या दिवशी पाच जण गावाला गेले होते. सहावा घरी सापडला, म्हणून संशयित तोच ठरला.

तेव्हापासून शिपाई रामकिसन साध्या कपड्यात त्याच्या मागावर होता. अनंतराव छापखान्यात खिळे जुळवायचा. संध्याकाळी शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याखाली बसून शेंगा खायचा, टरफलं खिशात घालायचा आणि घरी जायचा. घरात एकटाच. त्याचं टपाल चौकीत फोडून वाचायचा हुकूम होता. चार महिन्यांत फोडायला एक पाकीट आलं नव्हतं की गेलं नव्हतं.

असंच चालणार असेल तर पाळत बंद, आप्पासाहेबांनी सांगितलं, आणि तू परत सिल्लोडला. रामकिसनच्या बायकोला, आवडाबाईला, सातवा महिना लागला होता. आधीची दोन बाळंतपणं गावाकडंच बिघडली होती, आणि मोठा दवाखाना इथं शहरात होता.

दुसऱ्या दिवशीच्या अहवालात त्यानं एकच ओळ पदरची घातली : 'संशयितानं पोस्टात जाऊन आपल्या नावाचं पत्र आहे का विचारलं. नव्हतं.'

आप्पासाहेबांनी खुर्ची पुढं ओढली.

मग अनंतराव कागदावर रोजच पोस्टात जायला लागला. तिसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाबूनं लांबूनच मान हलवली. ही ओळ रामकिसनला स्वतःलाच फार आवडली; त्यानं ती आवडाबाईलाही वाचून दाखवली. सिल्लोडचं नाव कुणी काढेना. पण आप्पासाहेबांचे प्रश्न वाढत गेले. पत्र बाईचं का बाप्याचं? अक्षर ओळखीचं असेल? रोज नाही म्हटल्यावर त्याचं तोंड कसं होतं? प्रत्येक उत्तराखाली ते लाल पेन्सिलीनं रेघ ओढत. रामकिसनला वास आला. साहेब जाळं विणत होते. तो सांगत गेला आणि घाबरत गेला. खरा अनंतराव तिकडं निवांत शेंगा खात होता. कधी कधी रामकिसनला त्याचा राग यायचा. सरकार एवढे पैसे खर्चून मागं माणूस लावतं, तर गड्यानं निदान लंगडावं तरी.

मग हैदराबादहून हुकूम आला. शुक्रवारी सगळे संशयित आत घ्या. सुटका कधी, ते हुकुमात नव्हतं.

गुरुवारी दुपारी रामकिसन साहेबांसमोर उभा राहिला. वाटेत त्यानं आवडाबाईचा विचार केला होता, मग अनंतरावाचा, मग पुन्हा आवडाबाईचा. तेवढ्यात चौकी आली.

"साहेब, ते पत्राचं मी मनानंच लिव्हलं. तो पोस्टात एकदा बी गेला नाय. कुणाची वाट पाहत नाय. शेंगा खातो आन् घरी जातो."

खिसेकापूकडं पाहावं तसं आप्पासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग विचारलं, त्यानं तुला काय चारलं? रामकिसननं होणाऱ्या लेकराची शपथ घेतली.

"कुणाचीच वाट पाहत नाय, असा माणूस असतो व्हय रे?" आप्पासाहेब म्हणाले.

ते उठले आणि त्यांनी दाराला आतून कडी लावली. रामकिसननं गाल घट्ट केला. पण साहेब पुन्हा खुर्चीत बसले आणि हलक्या आवाजात सांगायला लागले. नोकरीत हजारो अहवाल वाचले, पण ह्यानं झोप उडवली. घरी पत्नीला, सरोजिनीबाईंना, आज काय झालं ते रोज सांगावं लागायचं. बाबूनं मान हलवली त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. शेवटी सोमवारी साहेबांनी स्वतःच एक कार्ड लिहिलं, डाव्या हातानं, खाली नाव न घालता : 'मी खुशाल आहे. तू कसा आहेस?' आणि गुलमंडीवरच्या पेटीत टाकलं.

सलाम ठोकावा की पळावं, हे रामकिसनला ठरवता येईना. असलं निनावी कार्ड वाचून तो बापडा चक्रावला असंल, एवढंच तो कसंबसं बोलला.

आप्पासाहेबांनी खणातून एक फोडलेलं पाकीट काढलं. सकाळीच पोस्टातून तपासणीला आलं होतं. कार्ड मिळाल्यावर अनंतरावानं धाडलेलं, पहिलंच. वर पत्ता होता, मनकर्णाबाई, मुक्काम पाचोड. शेजारी शुक्रवारची यादी होती. तिच्यात अनंतरावाच्या नावावर लाल पेन्सिलीनं काट मारली होती, आणि कारणाच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं होतं, 'तपास नाजूक टप्प्यावर आहे.'

"हे चिकटव आन् पेटीत टाक," ते म्हणाले. "आन् पाळत चालू ठेव. आता तिचं उत्तर येईल."

खळ लावण्याआधी रामकिसननं कागद उलगडला. आत एकच ओळ होती.

'मनू, अकरा वर्षं मी पोस्टाकडं फिरकलो नाही; तुझं पत्र आलेलं नाही असं कुणी सांगितलं असतं, तर मग वाट कशाची पाहिली असती?'