पन्नासावा पॉइंट

पूर्णवेळ फौज सोडून मी ओहायोतल्या राखीव तुकडीत आलो, तो माझ्या जुन्या, आता निवृत्त झालेल्या सार्जंट हॅस्केलच्या सल्ल्याने. वर्षाला हजेरीचे पन्नास पॉइंट, अशी वीस वर्षं भरली की पेन्शन. विसाव्या वर्षी माझे एकोणपन्नासच झाले. उरलेला एक, माजी सैनिकाच्या अंत्यविधीला मानवंदना दिली तरच मिळणार होता. फोनवर मी हॅस्केलपाशी कुरकुरलो.

म्हातारा खोकत हसला, "धीर धर गड्या, मरेल कुणीतरी."

शुक्रवारी तुकडीतून फोन आला. मी खुशीत "येतो!" म्हणालो, आणि मग नाव विचारलं.

शवपेटीवरच्या झेंड्याची घडी मी खाली मानेनं हॅस्केलबाईंच्या हातात दिली.

 

"तुलाच बोलवा म्हणून बजावून गेलेत," त्या म्हणाल्या. "पोराचा एक पॉइंट राहिलाय म्हणे."