गाडीचा आवाज

धम्मदीप मिस्त्रीनं माझ्या मोटारसायकलचा झिजलेला टेन्शनर काढून माझ्या हातावर ठेवला.

"काका, तीन वर्षं झाली सांगायलोय, टायमिंग चेन लय वाजायलीय, टेन्शनर बदलून टाका. तवा ऐकलं न्हाई. आता कशी बुद्धी झाली?"

"तवा तुजी काकू होती."

तो खडखडाट ताडकळसच्या फाट्यावरून ऐकू आला की माझी केशर चहा ठेवायची आणि दार उघडून उभी राहायची. ती गेल्यापासून चार महिने मी तसाच वाजत घरी यायचो आणि बंद दारापुढं थांबायचो.

आज नवा टेन्शनर बसवून आलो. गाडीचा आवाज शेजाऱ्यालाही गेला नाही.



दार बंदच होतं. पण आज निदान म्हणता आलं, तिला ऐकू गेलं नसेल.