खुर्चीचा मोह

“बसा,” डॉक्टर म्हणाले.

त्यांचा शब्द पुरा व्हायच्या आत वच्छलाबाई बसल्या. त्यांचे यजमान शालिकरामजी मात्र खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभेच राहिले. उभं राहायची त्यांना आता सवय झाली होती, आणि सवयीपेक्षा जास्त फायदा.

दोन वर्षांपूर्वी त्यांना फिशर झालं, शौचाच्या जागी चीर पडली. दुखणं अशा जागी, की चारचौघांत सांगायची सोय नाही. बेसा गावातल्या त्यांच्या सोसायटीची सभा होती. सगळे बसले, हे उभे. मागून कोणी तरी म्हणालं, पाहा, माणसाला खुर्चीचा मोह नाही. टाळ्या पडल्या. शालिकरामजींनी हात जोडले. नेमकी कळ आली, म्हणून डोळेही भरले. लोकांनी त्यांना तिथल्या तिथे अध्यक्ष करून टाकलं. अध्यक्ष उभा, म्हणून कमिटीही उभी. पाय दुखायला लागले की ठराव आपोआप मंजूर होत. आता तर नगरपंचायतीच्या तिकिटासाठी त्यांचं नाव चाललं होतं. फ्लेक्स छापून तयार होता: रिकामी खुर्ची, बाजूला हसतमुख उभे साहेब.

घरातलं चित्र फ्लेक्सवर नव्हतं. रोज सकाळी संडासातला नळ पूर्ण सोडलेला असे, कण्हणं बाहेर जाऊ नये म्हणून. वच्छलाबाईंचं माहेर मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरचं, पण त्यांच्या वरणातून मिरची केव्हाच गेली होती.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मलमं लावून झाली. चीर जुनी आहे, भोवतीचा स्नायू आवळलेला राहतो, म्हणून ती भरत नाही. ऑपरेशनमध्ये त्या स्नायूला लहानसा छेद देतात. बहुतेकांना बरं वाटतं, सहसा परत होत नाही. मात्र थोड्या जणांचा वायूवरचा ताबा सैल होतो, क्वचित कायमचा. शालिकरामजींना सभेतला माइक आठवला.

दुसरा उपाय इंजेक्शनचा. त्यानं स्नायू दोन-तीन महिने ढिला पडतो. कापाकापी नाही, ताबा सुटलाच तर पुन्हा येतो. पण गुण कमी जणांना येतो, आणि दुखणं उलटूही शकतं.

“उलटते म्हणजे, नक्की उलटते का?” शालिकरामजींनी विचारलं.

डॉक्टरांना वाटलं, माणूस घाबरला. त्यांनी धीर दिला, की सगळ्यांचं काही उलटत नाही. शालिकरामजींचा चेहरा पडला. मग त्यांनी मनातल्या मनात महिने मोजले आणि तो पुन्हा उजळला.

“इंजेक्शनच लिहा. तोवर जरा आराम, अन् प्रचाराच्या वेळेले आपण परत उभे.”

डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. मग पेन उचललं.

“ऑपरेशन लिहा,” वच्छलाबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले. ताई, त्रास त्यांना आहे, ठरवू द्या त्यांनाच, असं काहीसं बोलले.

वच्छलाबाईंनी पाठ खुर्चीला नीट टेकवली.

“हे दोन वर्षांपासून ओट्यापाशी उभ्यानं जेवतात, डॉक्टरसाहेब. नवरा उभा, मंग मी कशी बसू? मीही उभ्यानंच जेवून राहिली. मले ‘बसा’ म्हणणारे पहिले तुम्हीच.”