लहान स्पीकर

तिलकनं तिसऱ्यांदा नकारार्थी मान हलवली आणि छोटेलालकाकांची खात्रीच पटली, की या माणसानं दुकानदाराशी आधीच काहीतरी ठरवलंय.

मोठा स्पीकर समोर होता. पंधरा इंची, जुना, पण धडधाकट. त्याला पॅडचा इलेक्ट्रॉनिक ड्रम जोडून तिलकनं पायाचा ठोका दिला, तेव्हा गोंदियाच्या त्या दुकानातली काचेची कपाटं थरथरली. असा ठोका मागे असला की नाटकात खलनायकाची एंट्री वाया जात नाही. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, नको. याला हवा होता शेजारचा आठ इंची. तो नवा होता, म्हणून भावही जवळपास तेवढाच. त्यातून तोच ठोका कुणी डब्यावर टिचकी मारावी तसा आला.

"यही दे दो," तिलक म्हणाला.

"सही है चाचा," दुकानदार लगेच काकांकडे वळला. "बड़े वाले में थोड़ी खरखर है."

कसली खरखर? काकांना तर काही ऐकू आली नाही. उलट मघाशी तिलक दुकानदाराच्या कानाला लागलेला मात्र त्यांनी बरोबर पाहिला होता.

काका आले होते ते यासाठीच. सौंदडच्या नाटक कंपनीत ते तीस वर्षांपासून प्रॉम्प्टर. मंचापुढच्या खड्ड्यात वाजवणाऱ्यांच्या शेजारी बसायचं, वही उघडायची आणि नटांना एकेक वाक्य पुरवायचं. झाडीपट्टीतला नट दिवाळी झाली की आज या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, उद्या त्या गावच्या. पाठांतर करतो कोण? प्रॉम्प्टर देतो ते वाक्य नट बोलतो. यंदा साउंडवाला बदलला आणि ड्रमचा स्पीकर कंपनीनंच आणायचं ठरलं. मालक योगराजनं काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "तिलकवर नजर ठेवा काका. कमिशन खाल्लं असन तर दिवाळीआधीच घरी धाडतो त्याले. तुमी म्हनान तसं." तिलक कंपनीचा ड्रमवाला, दोन लेकरांचा बाप, त्याचा अख्खा सीझन काकांच्या एका शब्दावर आला होता.

नजर ठेवायला काकांना शिकवावं लागत नसे. चहा पातळ झाला तरी त्यांना त्यात डाव दिसायचा. मागच्या सीझनला नट सारखे चुकायला लागले, तेव्हा सारे पिऊन मंचावर चढतात हे काकांनीच शोधून काढलं होतं. नायिकेचा बाप करणारा खुमेंद्र तर भर प्रवेशात खड्ड्याकडे बघत नुसता उभा राहिला. काकांनी मालकाला सांगून त्याचे दोन प्रयोग बंद करवले होते.

दुकानदार बिलबुक आणायला आत गेला. काकांनी तिलकला गाठलं.

"किती भेटून राहिले रे तुले?"

"कायचे, काका?"

"येडा नको बनवू मले. मोठा सोडून हा डब्बा कोन घेते? कायले घेऊन राहिला?"

तिलक वायर गुंडाळत राहिला. "लहानच बरा हाये म्हनून सांगा ना मालकाले. पाया पडतो तुमच्या. इचारू नका."

पाया पडतो म्हणजे नक्कीच खाल्लेत. काकांनी मोबाइल काढला आणि योगराजचा नंबर लावला.

तिलकनं त्यांचा हात धरला. "मोठ्याच्या पुढं तुमचा आवाज बुडते, काका."

"माझा आवाज?" काकांना हसूच आलं.

"वरतं पोहोचतच नाई तो आता. मागल्या साली मी ड्रम अर्ध्या हातानं वाजवला, तरी नाई. खुमेंद्रदादा दारू पेला नव्हता. त्याले ऐकूच आलं नाई. मालकाले समजलं तर काकाचं काम जाईन, कोनी बोलू नका, हे त्यानंच सांगतलं आमाले. ते खरखर मीच दुकानदाराले सांगाले लावली."

काकांना हेही शिकवून ठेवलेलंच वाटलं. चोर पकडला की असलं काहीतरी काढतोच. तेवढ्यात फोन लागला.

"मालक, मी छोटेलाल," काका म्हणाले.

"हॅलो? कोन? काका का? जोरानं बोला, काईच ऐकू येऊन नाई राहिलं."

गेलं वर्षभर योगराज हेच म्हणत होता, आणि वर्षभर काका टॉवरला शिव्या घालत होते. आज योगराजचा आवाज इकडे खणखणीत येत होता. दुकानात पंखासुद्धा बंद होता. काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि जोर लावून पुन्हा सांगितलं. "हॅलो, हॅलो," पलीकडून तेच. खुमेंद्रचे दोन प्रयोग आठवले आणि काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी फोन तिलकच्या हातात दिला. स्वतः त्याच्या दुसऱ्या कानाशी उभे राहिले, तीस वर्षं द्यायचे तसं वाक्य द्यायला.

"म्हन, मोठाच स्पीकर घेऊन राहिलो."

"मोठाच स्पीकर घेऊन राहिलो, मालक," तिलक म्हणाला.

"तिलकनं एक रुपया खाल्ला नाई, असं काका सांगून राहिले."

तिलकनं तेही म्हटलं.

"आता दुसरा प्रॉम्प्टर पाहा."

हे वाक्य तिलकनं फोनवर म्हटलं नाही. काकांनी तोंड अगदी त्याच्या कानाजवळ नेलं आणि तेच वाक्य पुन्हा दिलं, शब्द न् शब्द सुटा करून.

तिलकनं फोनवर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते.

"हे काई ऐकू नाई आलं, काका."